सेवल मुकादमाचे माफीचे दिवस

सेवलला पहिल्यांदा मुकादम केलं त्या दिवशी तो घरी आला आणि चिखलाचे जोडे न काढताच चुलीपाशी बसला. त्याची बायको आल्डिथ राईच्या भाकरी थापत होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हालाच केलं. तोंडातून 'नाही' निघतच नाही ना तुमच्या? आता गावाच्या शिव्या खा आणि पोट भरा."

मी तिथेच बसले होते. सेवल माझा धाकटा दीर. माझा नवरा हॅमो थोरला, म्हणून बापाची जमीन आमच्याकडे आली, आणि सेवल आल्डिथच्या बापाकडे घरजावई गेला. त्याचं शेत आमच्या शेताला लागूनच होतं. दोघे भाऊ एकमेकांचे बैल जोडून नांगरायचे.

हेझलकोटमध्ये मुकादमकी कुणालाच नको असायची. आमचं गाव सरदार वॉरिनचं. जमीन त्याची, आणि आम्ही त्या जमिनीला बांधलेले. आपलं शेत कसायचं तर आठवड्यातले तीन दिवस त्याच्या कामतावर, म्हणजे त्याच्या खाजगी शेतावर, राबायचं, सुगीत त्याहून जास्त. विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, विचारल्याशिवाय पोर उजवायची नाही. हे सगळं चालतंय की नाही ते बघायला मुकादम, आणि तो मात्र आमच्यातलाच, आमच्यासारखाच बांधलेला. दर वर्षी संत मायकेलच्या सणाला गावाने आपल्यातला एक माणूस काढून द्यायचा. त्याने पहाटे शिंग फुंकून लोकांना कामावर बोलवायचं, कोण आलं कोण नाही ते बघायचं, उशिरा येणाऱ्याचं नाव कारभाऱ्याला सांगायचं. पेंढ्या भिजल्या, मेंढी मेली, तर जाब त्याला. गाव म्हणणार हा सरदाराचा कुत्रा, आणि कारभारी म्हणणार हा गावाचा चोर. बदल्यात एकच गोष्ट मिळे. त्या वर्षापुरती मुकादमाची स्वतःची वेठ माफ.

"निदान तीन दिवस घरचं काम तरी होईल," हॅमो भावाला म्हणाला होता.

"बघू," सेवल म्हणाला. तो कशालाही 'बघू' म्हणायचा.

त्याच हिवाळ्यात हॅमो गेला. कामतावरच्या धान्यकोठीचं छप्पर शाकारताना पाय घसरला. दिसायला काही लागलं नव्हतं, चालत घरी आला, पण आतून काहीतरी मोडलं असावं. दोनतीन दिवस कण्हत होता, मग कण्हणंही थांबलं.

मातीवरून परत आलो तर दुपारी सेवल दारात उभा. हातात दावं. मला कळलं आणि नाहीही कळलं. घरचा कर्ता मेला की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर सरदाराचं, हा रिवाज मला काय ठाऊक नव्हता? माझ्या बापाच्या वेळी गेलं होतं, सासऱ्याच्या वेळी गेलं होतं. त्यानंतरचं जनावर पाद्र्याचं. पण न्यायला हा येईल असं मनात आलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "तांबडा बैल."

"तुम्हीच नांगराला जोडायचात ना त्याला? तुम्हीच शिंगांना तेल लावायचात?"

"हो."

"मग न्या. तुम्हाला कुठला चांगला ते शोधावं नाही लागणार."

तो गोठ्यात गेला, बैलाच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि मग घेऊन गेला. पाद्र्याचा माणूस संध्याकाळच्या आत येऊन गाय घेऊन गेला. मी सेवलशी वसंतापर्यंत बोलले नाही. लोक म्हणतात, त्याचा काय दोष होता. नसेल. पण दावं त्याच्या हातात होतं, आणि त्या दिवशी मी जे बोलले ते मी आजही परत घेणार नाही.

वसंतात कारभारी आला. गर्व्हेज त्याचं नाव. बारीक, थंडीने नाक कायम लाल असलेला माणूस. तो आला की गढीच्या मोठ्या खोलीत गाव जमायचं आणि निवाडे व्हायचे. माझं नाव पुकारलं गेलं.

"हॅमोची बाई," तो म्हणाला, "तुझ्याकडे पुरी जमीन आहे. त्यावर तीन दिवसांचं काम आहे, नांगरट आहे, गाड्या हाकणं आहे. करणार कोण?"

"मी करीन."

"नांगर धरशील?"

मागून कोणीतरी हसलं. मला एक मुलगी, लेशिया, ती तेव्हा पाळण्यातून नुकती उतरलेली. कारभाऱ्याने मान वळवली. "कोल आहे का इथे? पुढे ये."

कोल म्हणजे डुकरं राखणारा. दोन बायका पुरलेला, दात समोरचे गेलेले. तो पुढे आला आणि टोपी काढून माझ्याकडे बघायला लागला, बाजारात मेंढी बघतात तसा.

"ह्याला जमीन नाही, तुला माणूस नाही," कारभारी म्हणाला. "पुढच्या निवाड्याच्या आत लग्न करा. नाहीतर बाई, जमीन सोड."

"मी ह्याच्याशी लग्न करणार नाही."

"का?"

"तुम्ही कधी ह्याच्या अंगावरून वारा येतो तिकडे उभे राहिला आहात का, कारभारीसाहेब?"

सगळी खोली हसली. कोलसुद्धा हसला, बिचारा. पण कारभाऱ्याचं काही हललं नाही. त्याचा राग नव्हता माझ्यावर. त्याला कामतावर माणूस हवा होता, तो कुठूनही. तेवढ्यात भिंतीपाशी उभा असलेला सेवल खाकरला.

"माझी माफी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"मुकादम म्हणून माझे तीन दिवस माफ आहेत. ते मला नकोत. मी कामावर येतो. ते दिवस वहिनींच्या नावावर धरा."

कारभाऱ्याने जरा विचार केला. "तू वर हातात काठी घेऊन लोकांवर नजर ठेवणार आणि खाली हातात विळा घेऊन कापणारही?"

"बघू."

"बघू नाही. एक पेंढी कमी झाली तर तुझ्या अंगावर."

"बरं."

असं ते ठरलं. त्या दिवशी घरी परतताना मी पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. म्हटलं, "भावजी, दूध घेऊन येते संध्याकाळी." मग आठवलं, गाय नव्हती. तो म्हणाला, "ताक आणा, तेही चालेल." तेही नव्हतं.

त्यानंतर सेवलला मी उभा असलेला क्वचितच पाहिला. कायम वाकलेला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून शिंग फुंकायचं, लोकांना ओळीत लावायचं, आणि मग स्वतः शेवटच्या ओळीत शिरून कापायला लागायचं, मधूनच उठून वर बघायचं कोण थांबलंय, पुन्हा वाकायचं. आमचा शेजारी ओस्बर्ट, जिभेचा फार तिखट, तो मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "मुकादम, मी आळस करतोय, जरा मला ओरडायला येता का? की तुमची ओळ मागे पडेल?"

"ओस्बर्ट, काप ना बाबा," सेवल म्हणायचा.

"हे काय ओरडणं झालं? मागचा मुकादम ओरडला की आम्हाला आमची आई आठवायची."

कुणी पेंढी चुकीची बांधली तर सेवल ती स्वतः सोडून पुन्हा बांधायचा. नाव सांगण्यापेक्षा ते सोपं, असं त्याला वाटायचं. पण सगळीच नावं झाकता येत नाहीत. काही त्याला सांगावी लागली, ओस्बर्टचंही एकदा. त्या रविवारी चर्चच्या दारात ओस्बर्टची बायको त्याच्या पायापाशी थुंकली. सेवलने पाय बाजूला घेतला आणि तिला वाट दिली.

वर्ष संपलं. संत मायकेलचा सण आला, आणि गावाने पुन्हा सेवललाच मुकादम केलं. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्याही. मला वाटायचं, गावाला बरा सापडलाय, न बोलणारा. बाकीच्यांचं संकट टळतंय, म्हणून त्याच्या गळ्यात घालतात. चीड यायची. पण माझे तीन दिवस तोच काढत होता, तेव्हा मी तोंड कुठे उघडणार?

एका उन्हाळ्यात सरदार वॉरिन स्वतः आमच्या रस्त्याने गेला. मी त्याला आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला. राजाची वेल्सवर स्वारी होती आणि सरदाराला आपले घोडेस्वार घेऊन हजर व्हायचं होतं. आम्ही गवत कापत होतो, सगळे बांधावर टोप्या काढून उभे राहिलो. मला वाटलं होतं मोठा धिप्पाड असेल. तर एक पिकल्या दाढीचा माणूस, पाठीत दुखतंय हे त्याच्या बसण्यावरून दिसत होतं, घोड्यावर डुलक्या घेत चाललेला. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"ह्याच्यासाठी आपण मरतोय होय?" ओस्बर्ट हळूच म्हणाला.

"त्यालाही कुणीतरी शिंग फुंकून बोलावलंय," सेवल म्हणाला. "जमीन राजाची. त्याचे दिवस वेगळे, आपले वेगळे."

"तो निदान घोड्यावर आहे."

"हो," सेवल म्हणाला. "ते आहे." आणि विळा उचलला.

लेशिया मोठी होत गेली, तसा सेवल झिजत गेला. हाताची बोटं पुरी उघडेनाशी झाली. जेवताना लाकडी वाटी तो दोन्ही तळव्यांमध्ये धरायचा. अशाच एका सणाच्या आदल्या दिवशी मी आल्डिथकडे लोकर विंचरायला गेले होते. मला राहवेना. म्हटलं, "आल्डिथ, भावजींना सांग ना, या वर्षी गावाला सरळ नाही म्हणा. दुसरा कुणी करू दे. ओस्बर्ट करू दे."

आल्डिथच्या हातातली फणी थांबली.

"तुम्हाला खरंच माहीत नाही, जाऊबाई?"

"काय?"

"गाव करतं होय ह्यांना? पहिल्या वर्षी केलं. त्यानंतर दर वर्षी हे स्वतः घरोघर जाऊन सांगतात, मलाच करा. गावाला काय, फुकटचा बैल मिळाला. मुकादमकी गेली की माफी जाईल. माफी गेली की तुमचे तीन दिवस कोण करणार? मग पुन्हा तो कोल नाहीतर दुसरा कुणी." ती एकदम रडायला लागली, पण आवाज चढलेलाच. "माझ्या पोराबाळांनी शेत ओढलं इतकी वर्षं. माझ्या अंगावर लोक थुंकले. मी एक शब्द बोलले का तुम्हाला? नाही बोलले, कारण ह्यांनी शपथ घातली होती. आता बोलले. जाऊ दे."

मी लोकर तशीच टाकून उठले. सेवल गोठ्यामागे कुंपण बांधत होता.

"भावजी, आल्डिथने सांगितलं मला."

त्याने काठी खुपसली, वर न बघता. "तिला म्हटलं होतं नको सांगू."

"का केलंत असं? मी काय म्हटलं होतं तुम्हाला? बैलाच्या वेळी तुम्हाला किती बोलले मी."

"बोललात. बरोबरच बोललात."

"मग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा इतका थकलेला की त्यावर हसू आलं तेही टेकूनच उभं राहिलं. "वहिनी, कोलपेक्षा मी बरा ना?" म्हणाला, आणि दुसरी काठी शोधायला लागला.

मी त्याला सांगितलं, या वर्षी हे बंद. तो म्हणाला, बघू. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मुकादम झाला होता.

त्याच्या पुढच्या सुगीची गोष्ट सगळं गाव अजून सांगतं. पाऊस सतत लागून होता. सरदाराचा गहू कसाबसा आत गेला. आमचे जव मात्र कापून शेतात पडलेले, खालून मोड यायला लागलेले. अशात दोन दिवस ऊन पडलं. सगळ्यांनी ठरवलं, उद्या जव आत. संध्याकाळी कारभाऱ्याचा निरोप आला. सरदाराचा चारा राहिलाय, उद्या सगळ्या गावाने यावं. हे ठरलेल्या दिवसांत नव्हतं. असा जादा दिवस मागायचा तर त्याला 'मायेचा दिवस' म्हणायची पद्धत होती, म्हणजे सरदाराने मायेने मागायचं आणि आपण मायेने द्यायचं. पूर्वी त्यात जेवण आणि जवाची दारू असायची. त्या वर्षी निरोपातच सांगितलं होतं, दिवस कोरडा, म्हणजे दारू मिळणार नाही.

ओस्बर्ट आणि चारपाच जण सेवलच्या अंगणात आले. मीही गेले.

"उद्या पाऊस येणार," ओस्बर्ट म्हणाला. आज त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "जव गेले तर हिवाळ्यात पोरांना काय घालू? सांग ना सेवल. तुझेही पडलेत शेतात."

"निरोप आलाय."

"माहिताय आलाय. न येणाऱ्याला शिक्षा, हेही माहिताय. शिंग वाजलं आणि आम्ही आलो नाही तर मेलो."

सेवलने आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरी जा. झोपा."

पहाट झाली. मी दाराशी विळा घेऊन बसले होते. शिंग वाजलं नाही. उजाडलं, तरी नाही. मग एकेक दार उघडायला लागलं. माणसं आपापल्या शेताकडे गेली, आधी चालत, मग जवळजवळ पळत. दुपार उलटेपर्यंत आम्ही पेंढ्या वाहत होतो. लेशियाने आणि मी आमचे जव आत आणले, आल्डिथच्या पोरांनी त्यांचे. तिन्हीसांजेला पाऊस आला तो पुढे आठवडाभर हटला नाही. सरदाराचा चारा काळा पडला.

कारभारी आला तेव्हा त्याचं नाक नेहमीपेक्षा लाल होतं.

"शिंग का नाही फुंकलंस?"

"डोळा लागला, साहेब," सेवल म्हणाला.

"इतकी वर्षं एक दिवस लागला नाही तो?"

"वय झालं. झोपून राहिलो."

"आणि गावातलं एकही माणूस तुला उठवायला आलं नाही?"

"शिंग वाजल्याशिवाय कामावर यायचं नाही असा रिवाज आहे. ते शिंगाची वाट बघत होते."

सगळी खोली जमिनीकडे बघत होती. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात कुणी उशिरा उठलेला पाहिला नव्हता, तो तिथे म्हणत होता मी झोपलो. आल्डिथने तोंडावर पदरासारखं शालीचं टोक धरलं होतं. कारभारी मूर्ख नव्हता. पण गावच्या गावाला शिक्षा करायची तर पुढचं पीक कोण काढणार? एक माणूस समोर उभा राहून म्हणतोय माझी चूक, तेच त्याला बरं पडलं.

त्याने सेवलची मुकादमकी काढून घेतली. खराब चाऱ्याच्या बदल्यात सेवलच्या शेताचा ओढ्याकाठचा तुकडा सरदाराकडे गेला. आणि त्याची वेठ त्या दिवसापासून पुन्हा सुरू. जाताना तो सेवलच्या जवळ थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मी असतो तरी झोपलोच असतो." हे मी ऐकलं. पण शिक्षा त्याने कमी केली नाही.

नवा मुकादम ओस्बर्ट झाला.

सुरुवातीला लोकांनी लाजेखातर माझे दिवस भरून दिले. आज एक यायचा, उद्या दुसरा. हिवाळा सरला तसे येणारे कमी झाले. कुणाला दोष देऊ? ज्याला त्याला आपले तीन दिवस होतेच. मग मीच निवाड्यात उभी राहिले आणि म्हटलं, माझी जमीन परत घ्या, मला घर आणि मागची परसबाग राहू द्या. कारभाऱ्याने घेतली. माझ्याकडे पाहून त्याला आता लग्नाचं सुचलंही नाही. लेशिया पुढे शेजारच्या गावात दिली, परवानगी मिळाली. मी लोकर कातते, सुगीत इतरांबरोबर मजुरीला जाते.

सेवल आणखी चार सुग्या राबला. त्याला ओळीत सगळ्यात मागे ठेवायचे, आणि ओस्बर्ट त्याच्याकडे बघायचंच टाळायचा. एकदा तापाने पडला. आजारी माणसाची वेठ बरा होईपर्यंत थांबते, तेवढी सवलत आहे. मी वाटाण्याची पेज घेऊन गेले तर तो खिडकीखाली पडून बाहेर बघत होता. ऊन अंगावर आलेलं.

"बरं वाटतंय का, भावजी?"

"वाटतंय," तो हळूच म्हणाला. "पण बाहेर कुणाला सांगू नका. बोलावतील."

मी नाही सांगितलं, आल्डिथनेही नाही. आम्ही दोघींनी त्याला तसाच पडू दिला, ताप उतरला तरी. तो जेवायचा, झोपायचा, उठून पुन्हा झोपायचा. ओस्बर्ट विचारायला दारात यायचा, आल्डिथ सांगायची, "अजून कणकण आहे." ओस्बर्टला आतलं खाटेवरचं सगळं दिसत असे. तो म्हणायचा, "असू दे, असू दे," आणि निघून जायचा.

मग खरंच त्याचं अन्न तुटलं, आणि वाटाणे काढायच्या दिवसांत एका पहाटे तो गेला. रिवाजाप्रमाणे जे जायचं ते त्याच्या घरून गेलं. ओस्बर्टने दुपारपर्यंत सगळ्यांना मोकळं सोडलं. त्याहून जास्त त्याच्या हातात नव्हतं. आम्ही त्याला हॅमोच्या शेजारी पुरला, पाद्र्याने घाईघाईत प्रार्थना म्हटली, आल्डिथला तिच्या सुना घरी घेऊन गेल्या. बाकीच्यांनी चर्चच्या कुंपणाला टेकवलेली अवजारं उचलली. मीही गेले. वाटाण्याचे वेल ओले होते, हातात चिकटत होते, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही ते ओळीने काढत राहिलो.